चळवळींचे नागपूर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात एम्प्रेस मिलच्या भोंग्याविषयी एक लहानसे टिपण आम्ही छापले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्मी पत्रे भोंग्याविषयी नव्हतीच. त्या भोंग्यावर उठणाऱ्या वस्त्यांनी या शहराच्या राजकारणाला काय दिले, असे त्यांत विचारले होते. त्यांतील काही पत्रे थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहोत.

नंदनवन येथील एक पदव्युत्तर विद्यार्थी विचारतात : नागपूर म्हटले की बाहेरच्यांना संत्री, उन्हाळा आणि तर्री-पोहे आठवतात. शहर निवांत समजले जाते. मग राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना आणि बाबासाहेबांचे धर्मांतर या दोन विरुद्ध टोकांच्या घटना येथेच कशा घडल्या? हा निव्वळ योगायोग समजायचा का?

योगायोग म्हणून हा प्रश्न निकालात काढता येत नाही. त्याचबरोबर या मातीतच काही विशेष आहे, असे म्हणणेही इतिहासाला धरून होणार नाही. नागपूर १८६१ पासून १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांताची आणि स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशाची राजधानी होते. राजधानी असल्यामुळे येथे कचेऱ्या, न्यायालये, महाविद्यालये, वकील आणि छापखाने होते. मुंबईहून कलकत्त्याला जाणारा लोहमार्ग येथून जात असल्याने देशभरच्या प्रतिनिधींची परिषद भरवायची झाल्यास नागपूर सर्वांना सोयीचे पडे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे मॉडेल मिल आली, आणि पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर बसणाऱ्या कोष्टी, हलबा आणि महार विणकरांच्या शेजारी महिन्याच्या पगारावर जगणारा गिरणी कामगार उभा राहिला. ज्याला गावच्या पाटलाकडे बलुते मागायला जावे लागत नाही, त्याला सभेला जायला कोणाची परवानगी लागत नाही.

१९२० हे एकच वर्ष पाहिले तरी शहराचा स्वभाव लक्षात येतो. मे महिन्याच्या अखेरीस राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली येथे अस्पृश्यांची अखिल भारतीय परिषद भरली, आणि आमचे प्रतिनिधी इतरांनी नेमून देऊ नयेत, अशी भूमिका तरुण आंबेडकरांनी तेथे मांडली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्यात असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले, प्रांतिक समित्या भाषेप्रमाणे आखण्याचे ठरले आणि चार आणे वर्गणीवर सामान्य माणसाला सभासद होण्याची वाट मोकळी झाली. त्या अधिवेशनाच्या स्वयंसेवक व्यवस्थेत काम करणाऱ्या डॉ. हेडगेवारांनी पाच वर्षांनी, १९२५ च्या विजयादशमीला, संघ सुरू केला. १९२३ मध्ये झेंडा सत्याग्रह झाला. जमनालाल बजाज तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेल त्याची सूत्रे सांभाळण्यासाठी नागपुरात आले. १९२७ मध्ये मंचरशा आवारी यांनी शस्त्रबंदीच्या कायद्याविरुद्ध उघड्या तलवारी घेऊन सत्याग्रह मांडला. तलवारीला आणि सत्याग्रहाला एका वाक्यात बसवणारा हा प्रकार गांधीजींना मुळीच पटला नाही, पण नागपूरकरांनी आवारींना ‘जनरल’ ही पदवी देऊन टाकली आणि ती कायमची त्यांच्या नावाला चिकटली.

या प्रवाहांमध्ये विचारांचे साम्य शोधू नये, ते नव्हते. साम्य असेल तर ते सवयीचे आहे. या शहरात ज्याला काही बदलायचे होते त्याने आधी एखादी शाळा, छापखाना, संघ, आखाडा किंवा वाचनालय काढले, मग तो रस्त्यावर आला. नेता गेल्यावरही चळवळ मागे उरण्याचे कारण मला तरी यातच दिसते.

धंतोली येथील एक निवृत्त शिक्षिका विचारतात : दलित स्त्रियांच्या चळवळीचा इतिहास सांगताना आपण एकदम १९४२ च्या परिषदेवर येतो. त्याआधी नागपुरात काहीच नव्हते काय?

तुमची तक्रार रास्त आहे. मोहपा येथे १८७९ साली जन्मलेले किसन फागू बनसोडे यांनी १९०७ मध्येच नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली होती. पुढे त्यांनी ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’ आणि ‘चोखामेळा’ ही पत्रे चालवली. या नावांचा क्रम पाहिला तर एका माणसाचा विचार कोठून कोठे गेला, ते वेगळे सांगावे लागत नाही. छापखान्याच्या कामात त्यांच्या पत्नी तुळसाबाई बरोबरीने होत्या, आणि हे सहसा सांगितले जात नाही.

जाईबाई चौधरी यांची कथा मात्र विस्ताराने सांगितली पाहिजे. उमरेडच्या या मुलीचे लग्न लहान वयात झाले, आणि घर चालवण्यासाठी ती नागपूर-कामठी स्थानकांवर हमालीचे ओझे वाहू लागली. एका मिशनरी बाईंच्या मदतीने ती शिकली आणि शाळेत शिकवू लागली. पण शिक्षिका अस्पृश्य आहे हे कळताच पालकांनी गहजब केला आणि ती नोकरी गेली. जाईबाईंनी १९२२ मध्ये मुलींसाठी स्वतःचीच शाळा उघडली. पंधरा वर्षांनंतर, १९३७ मध्ये, नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली, तेव्हा तेथे आलेल्या जाईबाईंना जेवणाच्या पंगतीत वेगळे बसवण्यात आले. स्त्रियांच्या हक्कांची भाषा करणाऱ्या मंडपात हे घडले. त्याच्या निषेधासाठी नव्या वर्षाच्या आरंभी दलित स्त्रियांनी स्वतंत्र सभा घेतली.

ही पायवाट आधीपासून मळलेली होती, म्हणून २० जुलै १९४२ रोजी मोहन पार्कवर हजारो स्त्रिया जमू शकल्या. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि त्यांनी संततिनियमनासारखा विषय भर सभेत मांडला. कोणत्याही समाजाची प्रगती त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून आपण मोजतो, हे बाबासाहेबांचे प्रसिद्ध प्रतिपादन याच सभेतले आहे. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या बाबासाहेबांच्या पक्षाचा जन्मही त्याच दिवसांतला आणि त्याच मैदानावरचा.

कामठी येथील एक वाचक विचारतात : ‘जय भीम’ हे अभिवादन आमच्या गावातून निघाले, असे वडीलधारे सांगतात. यात तथ्य किती?

या अभिवादनाचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांना सर्वत्र दिले जाते. कामठी ही लष्करी छावणीची, विणकरांची आणि विड्या वळणाऱ्यांची वस्ती. शेजारचे मुसलमान एकमेकांना भेटल्यावर ‘सलाम’ करतात, मग आपल्या माणसांना जोहाराऐवजी मान ताठ ठेवणारा शब्द का नसावा, या विचारातून ते निघाले, असे सांगतात. आरंभी ‘जय भीम’ला ‘बळ भीम’ असे उत्तर देण्याची पद्धत होती, पुढे दोन्ही बाजूंनी ‘जय भीम’ रूढ झाले.

तथापि हरदासांना या एका शब्दापुरते मर्यादित ठेवणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. तेंदूपत्ता तोडणाऱ्यापासून विडी वळणाऱ्या बाईपर्यंत या धंद्यात मधल्या कंत्राटदाराचीच चलती असे. त्यांनी विडी कामगारांना संघटित केले. मे १९३२ मध्ये कामठीला भरलेल्या अस्पृश्यांच्या अखिल भारतीय परिषदेने संयुक्त मतदारसंघ मान्य करणाऱ्या राजा-मुंजे कराराला विरोध करून स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीत बाबासाहेबांची बाजू उचलून धरली, त्या लढ्यात ते होते. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने १९३७ मध्ये ते प्रांतिक विधिमंडळात निवडून गेले आणि १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने वारले. तेव्हा ते अवघे ३५ वर्षांचे होते.

इमामवाडा येथील एक निवृत्त गिरणी कामगार विचारतात : आमचे वडील रामभाऊ रुईकरांच्या युनियनमध्ये होते. ‘नेहरू आले आणि युनियन फुटली’ असे ते म्हणायचे. हे खरे का?

वडिलांची आठवण बरोबर आहे, फक्त फुटली ती त्यांची युनियन नव्हे, देशातली मोठी संघटना. अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे १९२९ चे अधिवेशन जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली नागपुरात झाले. ब्रिटिश सरकारने कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी व्हिटली आयोग नेमला होता. त्यावर बहिष्कार घालावा, असे डाव्या गटाचे म्हणणे होते, तर मवाळ कामगार नेते ना. म. जोशी त्या आयोगाचे सदस्यच होते. बहिष्काराचा ठराव संमत झाल्यावर जोशी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा महासंघ काढला. या फुटीचा दोष एकट्या नेहरूंना देता येणार नाही. अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला त्या दिवशी फारसे काही करता येण्यासारखे नव्हते. पुढे १९३८ मध्ये समेट झाला, आणि तोही नागपूरच्याच अधिवेशनात.

एम्प्रेस मिलविषयी दोन्ही बाजू सांगायला हव्यात. निवृत्तिवेतन, अपघाताची भरपाई, भविष्य निर्वाह निधी या गोष्टी कायद्याने सक्ती होण्यापूर्वी कितीतरी वर्षे तेथे सुरू झाल्या होत्या, आणि मालकवर्गाला याचा सार्थ अभिमान होता. परंतु कनवाळू मालकाच्या गिरणीतही मजुरी ठरवताना कामगाराला विचारले जात नाही, हा रुईकरांचा आणि त्यांच्या पिढीचा मुद्दा होता. त्यांच्यानंतर ए. बी. बर्धन यांनी गिरणी, वीज आणि इतर कामगारांत काम उभे केले. हा कम्युनिस्ट कार्यकर्ता १९५७ मध्ये नागपुरातून अपक्ष म्हणून विधानसभेत गेला आणि १९९६ मध्ये आपल्या पक्षाचा राष्ट्रीय सरचिटणीस झाला. गिरणी पुढे सरकारकडे गेली, आजारी पडली आणि बंद झाली. तिच्या जागेवर आता मॉल आहे, आणि त्याच्या नावात ‘एम्प्रेस’ तेवढे शिल्लक आहे.

महाल येथील एक वाचक विचारतात : शहीद शंकर महाले यांच्याविषयी थोडक्यात सांगाल का?

मगनलाल बागडी यांनी १९३९ मध्ये नागपुरात हिंदुस्थान लाल सेना उभारली होती; शंकर महाले तिचे सैनिक. १९४२ च्या ऑगस्टमध्ये महाल आणि चिटणीस पार्कच्या परिसरात पोलिसांशी चकमकी झाल्या, त्या प्रकरणात त्यांना शिक्षा झाली आणि १९ जानेवारी १९४३ रोजी नागपूरच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. तेव्हा त्यांची विशीही उलटली नव्हती.

जागनाथ बुधवारीतील एक वाचक विचारतात : आमच्या मारबतीला तुम्ही राजकारण म्हणाल की सण?

दोन्ही. मारबत म्हणजे बाईच्या रूपातला मोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, असे मानले जाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘इडा, पीडा घेऊन जा गे मारबत’ असे ओरडत ती शहराबाहेर नेऊन जाळतात. तिच्यासोबत निघणाऱ्या बडग्यांच्या, म्हणजे पुरुषरूपी पुतळ्यांच्या, गळ्यांतल्या पाट्यांवर महागाईपासून मंत्र्यांपर्यंत सर्वांचा समाचार घेतलेला असतो. ज्याला सभेत बोलता येत नाही, त्याचे हे वर्षातून एकदाचे भाषण समजावे.

मानेवाडा येथील एक प्राध्यापिका विचारतात : संघाला शह देण्यासाठी बाबासाहेबांनी धर्मांतराला नागपूर निवडले, असे विद्यार्थी सर्रास लिहितात. त्यांना काय सांगावे?

बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात केलेले भाषण त्यांना वाचायला द्यावे. हा आरोप तेव्हाही झाला होता आणि बाबासाहेबांनी तो स्पष्ट शब्दांत नाकारला. भारतात बौद्ध धम्माचा प्रसार नाग लोकांनी केला, त्यांची वस्ती या भागात होती आणि नाग नदी याच शहरातून वाहते, हे कारण त्यांनी दिले.

या कारणासोबत आणखी एक व्यावहारिक बाजू मला महत्त्वाची वाटते. १४ ऑक्टोबरला लाखो लोक आले, ते उतरले कोठे, जेवले काय, पाणी कोणी पाजले? रेल्वेत नोकरी करणारे वामनराव गोडबोले आणि त्यांचे सहकारी या व्यवस्थेच्या मागे होते, आणि वस्त्यावस्त्यांतली, बाबासाहेबांनी उभारलेल्या समता सैनिक दलाची मुले रात्रंदिवस राबत होती. पन्नास वर्षांच्या शाळा, पत्रे, विडी कामगारांचे संघ आणि महिला परिषदा यांतून तयार झालेला कार्यकर्ता त्या दिवशी उपयोगी पडला. एवढी तयार माणसे देशातल्या फार थोड्या शहरांत मिळाली असती.

पुढच्या काळाचा धागाही तेथूनच निघतो. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. त्याच्या निषेधार्थ नागपुरात निघालेल्या आंदोलनावर ऑगस्टमध्ये गोळीबार झाला. इंदोऱ्यात दहा नंबर पुलाजवळचे स्मारक त्याचीच आठवण आहे. ११ नोव्हेंबर १९७९ रोजी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखालील लाँग मार्च दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे निघाला. खडकपूर्णा नदीच्या पुलावर पोलिसांनी तो अडवला. विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचे नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

अजनी येथून एका घरकामगार बाईंसाठी त्यांच्या मुलीने लिहिले आहे : आईच्या जुन्या पेटीत मोलकरीण संघटनेचे कार्ड सापडले. त्या संघटनेने काय मिळवले?

विदर्भ मोलकरीण संघटना १९८० मध्ये नागपुरात सुरू झाली आणि संस्कृतच्या प्राध्यापक डॉ. रूपा कुळकर्णी यांनी ती उभी केली. गिरणीत हजार कामगार एका फाटकातून आत जातात. मोलकरीण मात्र चार घरच्या चार मालकिणींसमोर एकटी उभी असते आणि तिच्या कामाच्या जागेला कायदा ‘घर’ म्हणतो. म्हणून आठवड्याची सुट्टी, दिवाळीचा बोनस, आजारपणात पगार न कापणे या साध्या मागण्यांसाठीही आधी तिला कामगार म्हणवून घ्यावे लागले. महाराष्ट्रात २००८ मध्ये घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्यामागे अशा अनेक संघटनांचे श्रम आहेत. पुढे ५५ वर्षे पूर्ण केलेल्या नोंदणीकृत बायांना १०,००० रुपये सन्मानधन देण्याची योजनाही आली. मंडळाचे काम मात्र सलग चालले नाही. आईची नोंदणी अद्याप झाली नसल्यास कामगार आयुक्त कार्यालयात विचारणा करावी. कार्ड जपून ठेवावे. किती वर्षे काम केले याचा तो एक पुरावा आहे.

याच सुमारास स्त्रियांचे प्रश्न येथे न्यायालयाच्या अंगानेही पुढे आले. मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात खालच्या न्यायालयाने सोडलेल्या पोलिसांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले होते; सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये तो निकाल फिरवला, देशभर स्त्रिया संतापल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराविषयीचा कायदा बदलला. नागपूरच्या सीमा साखरे यांचे नाव या लढ्याशी जोडलेले आहे.

सीताबर्डी येथील एक दुकानदार विचारतात : दर डिसेंबरला अधिवेशन आले की मोर्चे, बॅरिकेड आणि बंद रस्ते. ग्राहक येत नाहीत. याला चळवळ म्हणायचे की उपद्रव? आणि हे सगळे नागपूरच्याच माथी का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने सरकारने वर्षातून काही काळ नागपुरात यावे आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन येथे घ्यावे, असे ठरले. राजधानी गमावणाऱ्या शहराला दिलेला तो शब्द होता. त्यामुळे गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या माणसाला सरकार समोरासमोर भेटण्याची संधी हिवाळ्यातच मिळते, आणि मोर्च्यांत नागपूरकर थोडे, बाहेरचे जास्त असतात.

भेट मात्र होतेच असे नाही. विधानभवन सिव्हिल लाइन्समध्ये आहे आणि मोर्चे त्याआधीच टेकडी मार्गावर किंवा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडवले जातात. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात वाद हाच होता : तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जाता येणार नाही, असा हुकूम होता आणि तो मोडण्यासाठी देशभरातून आलेले हजाराहून अधिक सत्याग्रही तुरुंगात गेले. सरकार बदलले, अडवण्याची दिशा तीच राहिली.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीचा दर्जा मागण्यासाठी आलेला गोवारी समाजाचा मोर्चा असाच तुमच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर थांबवला होता. निवेदन घ्यायला संध्याकाळपर्यंत कोणी आले नाही, गर्दी रेटली, लाठ्या चालल्या, आणि चेंगराचेंगरीत ११४ जण मेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. झिरो माइलजवळ त्यांचे स्मारक आहे, शेजारच्या उड्डाणपुलाला त्यांचे नाव आहे. उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये गोवारींच्या बाजूने निकाल दिला. अनुसूचित जमातींच्या यादीत असलेले ‘गोंड गोवारी’ वेगळे, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो रद्द केला.

तुमचा धंदा बुडतो ही तक्रार खोटी नाही, आणि मोर्च्यांना अधिवेशनाच्या दिवसांत ठरलेली मोकळी जागा व निवेदन स्वीकारण्याची ठरलेली वेळ मिळाली तर तुमचाही त्रास कमी होईल. ही मागणी व्यापाऱ्यांनीच लावून धरावी, असे मी सुचवतो. तोवर एक सूचना : दर २३ नोव्हेंबरला गोवारी बांधव स्मारकावर येतात आणि त्या दिवशी चौकात गर्दी असते. दुकानाचा माल सकाळी लवकर उतरवून घ्यावा.